घरात असून ‘ऑफलाइन’

वहिनी, अहो वहिनी! जरा या इकडं भिंतीपाशी. गॅस बारीक करून या, लवकर संपायचं नाही हे.

काल संध्याकाळी आमच्याकडचा आवाज ऐकलात ना? नाही हो, भांडण कसलं! नातवाचं हॉलतिकीट छापायचं होतं आणि प्रिंटर म्हणे ‘ऑफलाइन’. समोर टेबलावर बसलाय, दिवा लावून बसलाय, आणि लॅपटॉपच्या लेखी तो घरातच नाही! सूनबाई म्हणाली बिघडला. चिरंजीव म्हणाले, जुना झालाय, भंगारात देऊ. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, ‘मावशी, वायफायचा बोर्ड गेला. त्या खर्चात नवा येईल.’ मी म्हटलं, बाबा, तू आला नाहीस, पाहिलं नाहीस, आणि बोर्ड गेल्याचं तुला कळलं कुठून?

शाळेत विज्ञान शिकवलंय मी. काही अडलं की काय बंद पडलंय ते नंतर, आधी काय चालू आहे ते बघायचं. प्रिंटरच्या काचेवर रेशनकार्ड ठेवलं आणि झेरॉक्सचं बटण दाबलं. कागद आला, स्वच्छ! म्हणजे शाई आहे, कागद ओढतोय, यंत्र धडधाकट आहे. मग जी केबल कपाटात धूळ खात पडली होती ती लॅपटॉपला जोडली. हॉलतिकीट बाहेर! खरं तर तिथंच सगळं मिटलं होतं, पण मला राहवेना. केबलनं चालतो आणि बिनतारी चालत नाही, तर नेमकं अडतंय कुठं?

मग मी विचारलं, घरात नवीन काय आलं? तर सगळे गप्प. शेवटी नातूच म्हणाला, ‘आजी, आपण इंटरनेट बदललं ना!’ घ्या! गेल्या महिन्यात फायबरची नवी जोडणी घेतली, जुना राउटर परत गेला, नवा डबा भिंतीवर लागला. फोनांना नवा पासवर्ड दिला, टीव्हीला दिला, लॅपटॉपला दिला. प्रिंटरला कोणीच काही सांगितलं नाही. तो बिचारा अजून जुन्याच वायफायचं नाव घेऊन शोधत बसलेला. आमच्या आत्याबाईंचं लग्नात नाव बदललं होतं. त्यांची बालमैत्रीण सासरच्या गावी जाऊन माहेरच्या नावानं विचारत फिरली, आणि अख्ख्या आळीनं सांगितलं, अशी कोणी इथं राहत नाही. अगदी तस्संच हे.

खरं म्हणजे राउटर बदलताना नव्यालाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला असता, तर बहुतेक यंत्रं आपली आपण जोडली गेली असती. पण बसवायला आलेला पोरगा घाईत होता, आणि आमचे हे त्याला चहा पाजण्यात गुंग.

आता खरी गंमत ऐका. नवं नाव द्यायला गेलो, तर प्रिंटरच्या यादीत ते नावच दिसेना. शेजारपाजारची सगळी दिसतात, तुमचंसुद्धा दिसतं हं वहिनी, पण आमचं नाही. तेव्हा पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, मावशी, राउटर आता दोन लहरींवर बोलतात, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. पाच वेगवान, पण भिंती आल्या की दमते. 2.4 हळू, पण लांब जाते. आणि जुने घरगुती प्रिंटर बहुतेक फक्त 2.4 वरच ऐकतात. आमच्या राउटरवर ती 2.4 बंदच होती! राउटरच्या बुडाखाली चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो, तो मोबाइलचा टॉर्च मारून वाचला, आत शिरून ती चालू केली आणि दोन्हींना वेगळी नावं दिली.

तरी जोडेना. कुलपाचा प्रकार तपास, भाचा म्हणाला. वायफायच्या सुरक्षेच्या पद्धती असतात, डब्ल्यूपीए2 आणि डब्ल्यूपीए3. तिसरी आली 2018 साली. आमचा प्रिंटर त्याआधीचा, त्याला ती समजतच नाही. नवा राउटर फक्त तिसरीवर होता. मग ‘दोन्ही चालतील’ असा पर्याय निवडला. राउटरवर ते डब्ल्यूपीएसचं बटण असतं ना, ते दाबायचं आणि दोन मिनिटांत प्रिंटरचंही दाबायचं, म्हणजे पासवर्ड टाकायची कटकट नाही. पण नुसती तिसरी पद्धत ठेवली तर हे बटणही निरुपयोगी. आणि ते बटण सापडेपर्यंत ह्यांनी प्रिंटरच्या बोटभर पडद्यावर बाण दाबत दाबत पासवर्ड भरायला घेतलासुद्धा! मोठं अक्षर, छोटं अक्षर, मग तो अ‍ॅटचा गोल. मी म्हटलं, पासवर्ड ठेवताना हात का आखडत नाहीत हो तुमचे?

फोनच्या अ‍ॅपमधूनही जोडता येतं म्हणे. ते उघडलं तर ते लोकेशन मागतं! मेजवरच्या डब्याशी बोलायला माझा ठावठिकाणा कशाला? पण त्यालाही कारण आहे. आसपासची वायफाय धुंडाळल्यावर माणूस कुठं आहे ते ओळखता येतं, म्हणून अँड्रॉइड फोन आधी परवानगी विचारतो. काम झाल्यावर मी ती काढून घेतली.

शेवटी निळा दिवा स्थिर झाला. प्रिंटरमधूनच त्याच्या जोडणीचा अहवाल छापता येतो, तो काढला. त्यावर त्याचा आयपी अ‍ॅड्रेस असतो. तो 169.254 नं सुरू होत असेल तर समजायचं की राउटरनं त्याला पत्ता दिलेलाच नाही, त्यानं आपल्या मनानं घेतलाय. आमचा 192.168 नं सुरू होत होता, म्हणजे ठीक.

आणि तरीही, वहिनी, सूनबाईच्या लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’च! माझ्या फोनवरून छापतोय, नातवाच्या टॅबवरून छापतोय, हिच्यावरून नाही. काय होतं सांगा? तिच्या कंपनीचं व्हीपीएन चालू होतं. ते चालू असलं की लॅपटॉप घरात बसून कचेरीत असल्यासारखा वागतो, मग घरातला प्रिंटर त्याला कुठला दिसायला! ते बंद केलं आणि सकाळपासून अडकलेले सगळे कागद एकदम सुरू झाले. हॉलतिकिटाच्या इतक्या प्रती निघाल्या की अख्ख्या वर्गाला पुरतील. मी ओरडतेय, अगं, ती रांग रद्द कर, रांग रद्द कर!

एक गोष्ट मात्र राहिली होती, ती आज सकाळी केली. लाइट जाऊन आली की राउटर नव्यानं सुरू होतो आणि कधीकधी प्रिंटरला वेगळाच पत्ता देतो. लॅपटॉप जुन्या पत्त्यावर कागद पाठवत राहतो, की पुन्हा ‘ऑफलाइन’. आपल्याकडं लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून राउटरमध्ये प्रिंटरच्या नावे एक पत्ता कायमचा राखून ठेवला. भाचा म्हणाला, हे कोणी करत नाही आणि मग दर पावसाळ्यात मला फोन करतात.

कोपऱ्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत ना, ते मधेच येऊन म्हणाले, ‘बंद करून चालू करा.’ हसू नका, चूक नाही ते. फक्त क्रम पाळायचा: आधी राउटर, तो नीट उठला की प्रिंटर, मग लॅपटॉप. आमच्याकडं त्यानं भागणार नव्हतं ही गोष्ट वेगळी. काका मात्र ‘माझ्यामुळं सुरू झाला’ असं गल्लीभर सांगत फिरताहेत. आणि त्यांच्या धाकट्याचं त्या मिरजेच्या मुलीशी ठरलं म्हणे? तुम्हाला काही कळलं का? नाही? मग माझ्याकडून नाही हं ऐकलंत.

जा, तुमची शिट्टी झाली. आणि ते लाइटबिल छापायचं म्हणत होतात ते रात्री मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पण काळ्यातच काढीन हो, रंगीत शाई सगळी नातवाच्या ज्वालामुखीच्या प्रोजेक्टला ठेवलीय.