तेहतीस कोटींतले माझे एक

2019 च्या पावसाळ्यात सरकारने राज्यभर 33 कोटी झाडे लावायचे ठरवले. त्यातले एक मी कुपवाडात घरासमोर लावले आणि बाकीच्यांचे बाकीचे बघतील म्हणून निर्धास्त झालो.

रोप कडुलिंबाचे. ‘दुष्काळातबी तगतंय, मारायचं म्हटलं तरी मरत न्हाई,’ असे रोपवाल्याने छातीठोक सांगितले होते. गिऱ्हाईक कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला निघताना एक बादली, आल्यावर एक. पाऊस पडत असला तरी नेम मोडायचा नाही, म्हणून छत्री धरून पाणी घालायचो. बुंध्याला गार लागू नये म्हणून भोवती मातीचा ढीग चढवला. शेजारच्या मामांनी शेवगा छाटला होता, त्यातला एक दांडका आणून आधाराला रोवला आणि रोप त्याला नायलॉनच्या दोरीने असे आवळले, की पळून जायची सोयच राहिली नाही.

पंधरवड्यात पाने पिवळी पडली. मी मूठभर युरिया टाकला. पाने गळली. मग दुसरी मूठ.

मामा येऊन बघत राहिले. ‘‘काय ओ, झाड लावलंय का पुरलंय?’’

त्यांनी रोप उपसले. खाली काळी पिशवी जशीच्या तशी! आत मुळांनी गोल गोल फिरून वेटोळे केलेले, तेही कुजलेले. मग भर चौकात माझी शिकवणी झाली. पिशवी आधी फाडायची. माती बुंध्यावर चढवायची नाही. आळे खोडापासून लांब घ्यायचे, त्यात उसाचे पाचट अंथरायचे म्हणजे ओल टिकते. पाऊस उघडला की आठवड्यातून एकदाच, पण पोटभर पाणी. रोज घोटभर दिले तर मुळे खाली जायचा आळस करतात. दोरी सुताची, सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी.

मी मान डोलावत होतो. बायको दारातून सगळे ऐकत होती, हे जास्त लागले.

कडुलिंब गेला. दांडका उपटायचा राहून गेला, आणि त्यालाच पालवी फुटली! मी भीतीने त्याच्याकडे फिरकलोही नाही. दोन वर्षांत त्याला शेंगा लोंबू लागल्या.

कंपनीच्या वृक्षलागवडीच्या वहीत माझ्या नावापुढे ‘कडुलिंब’ लिहिलेले होते. साहेब फोटो काढायला आले, वर बघत राहिले.

‘‘कडुलिंबाला शेंगा?’’

‘‘कुपवाडात येतात, साहेब,’’ म्हणालो आणि जाताना त्यांच्या पिशवीत दहा-बारा घातल्या.