सीईओ भैया

भिलाईच्या टाउनशिपमध्ये प्रत्येक सेक्टरला एक मार्केट असतं, एक शाळा असते आणि अलीकडे एक सीईओ भैयाही असतो. मार्केट आणि शाळा स्टील प्लांटने बांधल्या. सीईओ भैया मात्र पूर्णपणे बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून उभा राहिलेला आहे.

तो ओळखायला सोपा. सकाळी जनरल शिफ्टच्या स्कूटर प्लांटच्या बोरिया गेटकडे निघाल्या की हा काळ्या टी-शर्टात क्वार्टरच्या गच्चीवर येतो आणि फोनवर विचारतो, "रनवे किती उरलाय?", म्हणजे शिल्लक पैसा अजून किती दिवस पुरेल. समोरच्या काकूंची बरेच दिवस समजूत होती की जवळच्या नंदिनी गावच्या जुन्या धावपट्टीचं काम याला मिळालंय. त्यांनी त्याच भरवशावर एक स्थळही सुचवलं होतं.

आजोबा कधीतरी भंडाऱ्याकडून, वर्ध्याकडून नाहीतर अमरावतीकडून प्लांटच्या भरतीला आले. बाबा रेल मिलमध्ये लागले. घरात मराठी, अंगणात हिंदी, कामवाल्या बाईशी छत्तीसगढी आणि गुंतवणूकदारांना दाखवायच्या पिच डेकमध्ये इंग्रजी, असा त्याचा भाषाव्यवहार. त्यामुळे चारही भाषांत त्याला "सध्या बोलणी सुरू आहेत" हे वाक्य अस्खलित येतं.

भिलाईत जन्मलेल्या मुलाला आयआयटीची शिकवणी चुकत नाही, तशी यालाही चुकली नाही. आयआयटी मात्र चुकली. पुढे 2016 साली आयआयटी स्वतःच भिलाईच्या नावाने निघाली, पण ती आधी रायपूरच्या सेजबहारला भरली आणि कुटेलाभाठाच्या तिच्या पक्क्या आवाराचं उद्घाटन व्हायला 2024 उजाडलं. तोवर हा दुर्गच्या कॉलेजातून इंजिनीअर होऊन, हिंजवडीत तीन वर्षं खुर्ची गरम करून, राजीनामा देऊन परत आला होता. राजीनाम्याचा दिवस तो 'माझा फाउंडर म्हणून जन्म' असा सांगतो. आई त्या दिवसाचा उल्लेख करत नाही.

पहिली कंपनी 2015ची, घरपोच जेवणाची. त्या वर्षी देशभर हीच हवा होती. ॲप अचूक पत्ता शोधून देणार, ही त्यातली मुख्य करामत. आता भिलाईचा पत्ता म्हणजे क्वार्टर 7-बी, स्ट्रीट 12, सेक्टर 6. नियोजन करणाऱ्यांनी तो असा आखून ठेवलाय की पहिल्यांदा आलेला पाहुणाही दिवे गेलेले असताना घर शोधतो. करामतीला कामच उरलं नाही. त्यात हे डबेवाल्या माणसांचं गाव. तिन्ही शिफ्टला घरून पोळी-भाजी घेऊन जाणारा माणूस रात्री मोबाइलवरून पोळी-भाजी मागवेल, हा अंदाज कुणी काढला होता, हे त्या कंपनीच्या कागदपत्रांत सापडत नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टायनीआउल या अशाच कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात कामावरून काढलेल्या मुलांनी एका सहसंस्थापकालाच अडवून ठेवलं. ती बातमी वाचल्यापासून सीईओ भैया कुणाला नोकरीवर ठेवत नाही. येईल तो सहसंस्थापक.

मग 8 नोव्हेंबर 2016 आला, नोटा गेल्या आणि याने पैशाचं पाकीट काढलं, अर्थात मोबाइलमधलं. सिव्हिक सेंटरच्या गुपचुपवाल्याला, म्हणजे पाणीपुरीवाल्याला, त्याने महिनाभर समजावलं. गुपचुपवाला समजला, आणि काही वर्षांनी त्याच्या गाडीवर दुसऱ्याच कंपनीचा क्यूआर लटकला. 2020मध्ये शाळा बंद पडल्यावर याने शिक्षणाचं ॲप काढलं. 2021च्या ऑक्टोबरात फेसबुकने नाव बदलून मेटा केलं, तेव्हा मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातला पांढरा वाघ मेटाव्हर्समध्ये नेण्याची योजना आली. वाघ जागेवरच राहिला. 2022च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून तो एआयमध्ये आहे. या सगळ्या प्रवासात डेक एकच होता. दुसऱ्या स्लाइडवरचा एक शब्द तेवढा बदलत गेला. या बदलाला पिव्होट म्हणतात आणि तो केल्यावर पार्टी द्यावी लागते.

घरात एकच गुंतवणूकदार, बाबा, आणि ते प्रश्न विचारतात. बाहेरचे गुंतवणूकदार कसे असतात मला ठाऊक नाही, पण रेल मिलमध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या माणसासमोर डेक उघडणं धोक्याचं. 260 मीटरचा रूळ बाहेर पडताना ज्यांनी पाहिलाय त्यांना स्क्रीनवरचा वर चढणारा आलेख दाखवून भागत नाही.

"माल काय आहे बे तुझा?"

"बाबा, प्लॅटफॉर्म आहे."

"प्लॅटफॉर्म तं पावर हाऊस स्टेशनलेही आहे. गाडी कोणती येते तिथं?"

यानंतर ठरलेली वार्षिक सभा होते. बाबा प्लांटच्या तारखा म्हणतात. 2 फेब्रुवारी 1955ला रशियाशी करार. 4 फेब्रुवारी 1959ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू. "चार वर्षं दोन दिवस. इथं शेतं होती, पोरा. अन् तुझं ॲप सहा वर्षांपासून बीटामधीच आहे." मग रशियन कर्जाच्या अटी: अडीच टक्के व्याज, बारा वर्षांत फेड. "रशियनानं शेअर मागितले का आपल्याले?" सीईओ भैया हे सगळं शांतपणे ऐकतो आणि रात्री लिंक्डइनवर लिहितो की भिलाई हा भारतातला पहिला डीप-टेक स्टार्टअप होता. त्याला दोनशे लाइक पडतात. बाबांना एकही नाही. मला हा बाबांवरचा अन्याय वाटतो, पण ते लिंक्डइनवर नसल्यामुळे त्यांना तो कळलेला नाही.

त्याचे आदर्श आहेत पर्सिस्टंट कंपनीचे संस्थापक आनंद देशपांडे. सरकारी कारखान्याच्या वसाहतीतली पोरं काय करू शकतात, म्हणून तो ही गोष्ट प्रत्येक कार्यक्रमात सांगतो: भोपाळच्या भेलमधलं बालपण, खरगपूरची आयआयटी, इंडियाना विद्यापीठाची पीएचडी, एचपीच्या प्रयोगशाळेतली नोकरी, 1990मध्ये पुण्यात पर्सिस्टंट, 2010मध्ये शेअर बाजार. सांगताना तो पहिल्या टप्प्यावरून थेट शेवटच्यावर उडी मारतो. मधली वीस वर्षं आणि पीएचडी वेळेअभावी गाळावी लागते.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्याने मोठी झेप घेतली. तो स्वतःच गुंतवणूकदार झाला. कंपनी चालवायला भांडवल लागतं, हिशेब लागतो, गिऱ्हाईक लागतं. गुंतवणूकदार व्हायला नावाखाली एक ओळ वाढवावी लागते. त्याने रायपूरच्या एका मित्राच्या क्लाउड किचनमध्ये 25,000 रुपये घातले आणि 0.25 टक्के हिस्सा घेतला. म्हणजे ते किचन एका क्षणात 1 कोटीचं झालं. बाबा पाहून आले. तीन शेगड्या, एक फ्रिज आणि फ्रिज भाड्याचा.

2024च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात एंजल टॅक्स रद्द झाला, त्या दिवशी त्याने सेक्टरभर पेढे वाटले. स्टार्टअपने रास्त किमतीपेक्षा चढ्या भावाने शेअर विकले, तर वरच्या रकमेला उत्पन्न धरून कंपनीकडून घ्यायचा हा कर 2012 पासून चालू होता.

"तू किती भरला होता?" बाबांनी विचारलं.

"मी नाही भरला. पण इकोसिस्टमला त्रास होता."

पेढे बाबांच्याच पैशांचे होते.

आता त्याचा दरबार इंडियन कॉफी हाऊसमध्ये भरतो. तुरेवाला फेटा बांधलेला वेटर कॉफी आणून देतो आणि हा समोरच्या पोरांना मालकी, हिस्सा, संस्थापकांचे हक्क समजावत बसतो. हे हॉटेल कामगारांच्या सहकारी संस्थेचं आहे, म्हणजे कॉफी आणणारा मालकांपैकी एक असू शकतो, हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. त्या टेबलाभोवती कमाई असलेला माणूस बहुधा तो वेटरच असतो.

त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की स्ट्रीटमधले सगळे म्हातारे याच्याकडे येतात. लोखंडात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. हा फोन धरतो, चेहरा जुळवतो, "काका, डोळे मिचकवा" म्हणतो आणि दाखला गेलेला असतो. सेक्टर 9च्या हॉस्पिटलचे कागद, गॅसची केवायसी, अमेरिकेतल्या नातवाचा व्हिडिओ कॉल, सगळं हाच लावून देतो. कधी कंटाळत नाही. बाबांनी एकदा सुचवलं की याचे वीस-वीस रुपये घे, गिऱ्हाईक दारात उभं आहे. त्यावर त्याने फार समंजसपणे सांगितलं की हे स्केल होत नाही. मला विचाराल तर त्याच्या साऱ्या उद्योगांत चालणारा उद्योग हा एकच होता, आणि तो त्याने फुकट ठेवला.

मागच्या वर्षी त्याने मार्गदर्शन केलेल्या एका हुशार पोराने ड्रोनची योजना बाजूला ठेवली, परीक्षा दिली आणि तो स्टील प्लांटमध्येच मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागला. सीईओ भैयाने ते आपल्या पोर्टफोलिओतलं पहिलं एक्झिट म्हणून जाहीर केलं. पोराच्या वडिलांनी पेढे आणले. त्यातले दोन बाबांनी खाल्ले.

सध्या त्याला नव्या कंपनीसाठी एक सहसंस्थापक हवा आहे. शिक्षणाची अट नाही, अनुभवाची नाही, गाव कुठलंही चालेल. तुमच्या पाहण्यात कुणी होतकरू मुलगा असेल तर जरूर कळवा. वडील नुकतेच निवृत्त झालेले असावेत आणि त्यांनी पीएफला अजून हात लावलेला नसावा, एवढंच.