पंकपटांचे वारमान : एक प्राथमिक मीमांसा

चित्रपटांच्या रूढ वर्गीकरणात पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक, तमाशाप्रधान आणि विनोदी असे भेद मानलेले आहेत. परंतु न्यूयॉर्क व लंडन या नगरांत १९७५ च्या आगेमागे उद्भवलेल्या पंक नामक वादन-वेश-उद्धटपणा-समुच्चयाचे सत्त्व ज्यांत उतरले आहे, अशा चित्रपटांचा स्वतंत्र विचार आपल्याकडे झालेला नाही. पाश्चात्त्य अभ्यासकांनी तो केला आहे, पण केशरचनेच्या अंगाने. केसांवर शास्त्र उभे राहत नाही. शास्त्रास माप लागते. आणि ज्या नगरात माप अहोरात्र विणले जाते, त्या भिवंडीत या शास्त्राचा पाया घातला जाणे क्रमप्राप्तच होते.

प्रथम लक्षण. जी क्रिया शिकलेली नाही ती, शिकलेल्यांच्या देखत, मोठ्या आवाजात व अल्पावधीत उरकणे म्हणजे पंक. अशा क्रियेचे चित्रण करणारा, अथवा स्वतःच अशा रीतीने निर्मिलेला चित्रपट तो पंकपट.

यातील प्रत्येक पद सार्थ आहे. ‘शिकलेली नाही’ हे पद न घातल्यास सवाई गंधर्व महोत्सवातील द्रुत तराण्यावर अतिव्याप्ती होते. ‘शिकलेल्यांच्या देखत’ हे वगळल्यास स्नानगृहातील गायनावर होते. ‘अल्पावधीत’ हे वगळल्यास सत्कारसमारंभातील अध्यक्षीय भाषण पंक ठरते, आणि तो अनर्थ टाळणे हे प्रस्तुत लेखकाचे कर्तव्य आहे. भिवंडीलगतच्या काल्हेर-अंजूर पट्ट्यातील आगरी हळदीच्या समारंभाविषयी शंका घेतली जाते. कारण तेथे आवाजही असतो आणि व्हिडिओ शूटिंगही असते. परंतु बेंजो वाजवणारे कमालीचे निष्णात असल्यामुळे पहिल्याच पदाने या शंकेचे निवारण होते.

आता माप. साधा यंत्रमाग मिनिटाला सुमारे १२० पिक टाकतो, म्हणजे धोटा तितक्या वेळा आरपार जातो. इंचाला ५२ पिकांचे कापड प्रमाण मानल्यास एक वार विणण्यास १५.६ मिनिटे लागतात. एखादा चित्रपट चालू असताना शेजारच्या कारखान्यातील एका मागावर जितके कापड उतरेल, तितके त्या चित्रपटाचे वारमान होय. कापडाचा पन्हा येथे विचारात घेतलेला नाही, कारण पडद्याची रुंदी प्रेक्षकाच्या हाती नसते.

या मापाने जे सत्य प्रकट होते ते विस्मयकारक आहे. सहा वार कापडास साडेत्र्याण्णव मिनिटे लागतात. रामोन्स या पंक वादकांच्या चौकडीला घेऊन ॲलन आर्कुशने १९७९ मध्ये केलेला ‘रॉक ॲन्ड रोल हायस्कूल’ ९३ मिनिटांचा आहे, आणि ॲलेक्स कॉक्सचा १९८४ चा ‘रेपो मॅन’ ९२ मिनिटांचा. म्हणजे अस्सल पंकपट हा सहावारी असतो. नऊ वारांस १४० मिनिटे लागतात. मध्यंतरासह गृहस्थाश्रमी हिंदी चित्रपटाची बैठक साधारण तेथेच आहे, म्हणून तो नऊवारी. ‘शोले’ची २०४ मिनिटांची प्रत तेरा वार भरते. तेरा वारांत कोणीही बंड करू शकत नाही; पाय अडकतात.

मधल्या मापांचेही अर्थ लागतात. ‘सिड ॲन्ड नॅन्सी’ (१९८६) सात वारांच्या किंचित पुढे जातो, कारण त्यात प्रेम आहे, आणि प्रेमास एक वार अधिक लागतो. लुकास मूडिसनचा स्वीडिश ‘वी आर द बेस्ट!’ (२०१३) साडेसहा वारांचा आहे. १९८२ च्या स्टॉकहोममधील दोन शाळकरी मुली, केवळ शेजारच्या गोंगाटी मुलांच्या हातून तालमीची खोली काढून घ्यावी म्हणून, वाद्य येत नसताना बँड स्थापन करतात. येथवर लक्षण निर्दोष जुळते. पुढे त्या तिसरी मुलगी घेतात, जिला गिटार खरोखरच येते. या विद्यादोषामुळेच चित्रपट अर्धा वार वाढला आहे.

या मापावरून भिवंडीत दोन तट पडणे अपरिहार्य आहे. रॅपिअर-पक्षाचे म्हणणे असे की, आता रॅपिअर माग आले आहेत, त्यांची गती साध्या मागाच्या दुप्पट-तिप्पट आहे, तेव्हा माप नवे घ्यावे. परंतु तिप्पट गती घेतल्यास ‘रेपो मॅन’ अठरावारी होतो, आणि अठरा वारांचे वस्त्र नेसण्याची पद्धत महाराष्ट्रात कोणत्याही काळी नव्हती. म्हणून धोटा-पक्ष, म्हणजे साध्या मागाचा पक्ष, ग्राह्य धरावा.

‘रेपो मॅन’चा उल्लेख आलाच आहे तर त्यातील एक विशेष नोंदवतो. त्यातील दुकानांत डबाबंद वस्तूंवर कंपनीचे नाव नसते. बिअरच्या डब्यावर नुसते ‘बिअर’ आणि अन्नाच्या डब्यावर नुसते ‘अन्न’ असे छापलेले असते. अमेरिकी समीक्षक यास उपभोगवादाचा उपहास समजतात. भिवंडीजवळच्या मानकोली ते पूर्णा या टापूतील गोदामांत ज्याने खोकी उतरवली आहेत, त्यास हा निव्वळ वास्तववाद वाटेल, असे आमचे मत आहे.

वस्त्र आणि पंक यांचा संबंध केवळ मापापुरता नाही, यास एक भक्कम प्रमाण आहे. डेरेक जार्मनने १९७८ मध्ये ‘जुबिली’ हा चित्रपट केला. त्यात जॉन डी हा राजज्योतिषी पहिल्या एलिझाबेथ राणीस भविष्यातील मोडकळीस आलेली विलायत दाखवतो. हा चित्रपट व्हिव्हियन वेस्टवुड या पंक वेशाच्या आद्य शिंपिणीस रुचला नाही. तिने परीक्षण लिहिले. परंतु ते कोणत्याही नियतकालिकाकडे न पाठवता टी-शर्टावर छापून विकले. चित्रपटसमीक्षेच्या इतिहासात अंगात घालता येणारे परीक्षण म्हणून यास अग्रमान द्यावा लागेल. मराठी समीक्षेत घाम शोषून घेण्याचा हा गुण अद्याप उतरलेला नाही.

आता नादविचार. ‘रॉक ॲन्ड रोल हायस्कूल’मध्ये मुख्याध्यापिका टोगर हिने रामोन्सच्या संगीताचा परिणाम पांढऱ्या उंदरावर तपासला असून, त्या प्रयोगात उंदराचा स्फोट होतो. या घटनेवर नादवादी पंथ उभा आहे. त्यांच्या मते ज्या चित्रपटाच्या नादाने उंदीर फुटतो तो उत्तम, मूर्च्छित होतो तो मध्यम, आणि उंदीर पाहत बसतो तो अधम. हे उंदीरप्रमाण पाश्चात्त्य परिस्थितीत निर्विवाद असेल. भिवंडीत मात्र ते सर्वथा असिद्ध ठरते. मागांच्या खोलीतील आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो, पाळी बारा तासांची असते. तेथील मुकादम हाक मारत नाही, खूण करतो, आणि वीस वर्षे माग चालवलेला कारागीर बिस्सीत, म्हणजे खानावळीत, शांतपणे जेवत असतानाही शेजाऱ्याशी ओरडूनच बोलतो. अशा खोल्यांत सुताच्या गाठोड्यांआड उंदरांच्या पिढ्या सुखाने नांदत आहेत. एकही फुटलेला नाही. तेव्हा एक तर भिवंडीचा उंदीर निराळ्या जातीचा मानावा, नाही तर रामोन्सचा नाद सौम्य मानावा. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. त्यांचे ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ हे गाणे सव्वादोन मिनिटांच्या आत संपते. तेवढ्यात मागावर जेमतेम पाच इंच कापड उतरते. पाच इंचांनी कोणाचे कान बसत नाहीत.

नादवाद्यांच्या विरुद्ध रज्जुवादी, म्हणजे लोंबत्या दोरीस प्रमाण मानणारे. यांचा पंथ अधिक सूक्ष्म असून महाराष्ट्राच्या अभिमानाचा आहे, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य.

लंडनच्या किंग्ज रोडवरील ४३० क्रमांकाच्या दुकानात माल्कम मॅक्लॅरन व वेस्टवुड यांनी १९७६ मध्ये एक विजार विक्रीस आणली. तिच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत एक पट्टा लोंबत असे. हा लंबमान पट्टा पंकवेशाचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून जगभर मान्य झाला. परंतु त्याआधी पाच वर्षे, १९७१ मध्ये, ‘सोंगाड्या’ प्रदर्शित झालेला होता, आणि त्यात दादा कोंडके यांच्या ढगळ अर्ध्या चड्डीची नाडी सर्व प्रेक्षकांसमक्ष लोंबत होती. कालक्रमाने पूर्वत्व सिद्ध आहे. राहिला स्वरूपभेद. लंडनचा पट्टा द्विबद्ध आहे. त्याची दोन्ही टोके शिवलेली असल्याने तो चाल आखडतो, पण वस्त्र सुटण्याचे भय निर्माण करत नाही. दादांची नाडी एकबद्ध आहे; तिचे दुसरे टोक मोकळे असून प्रत्येक प्रसंगात अधःपतनाची शक्यता जागती ठेवते. बंडाचे तत्त्व अनिश्चिततेत असेल, तर कोणती रचना श्रेष्ठ, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

लक्षणाच्या दृष्टीनेही ‘सोंगाड्या’ टिकतो. दादरच्या कोहिनूर चित्रगृहाने त्यास जागा देण्यास नकार दिला, तेथे देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता, आणि पुढे बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसैनिकांनी मोर्चा नेल्यावर ‘सोंगाड्या’ लागला. म्हणजे ‘शिकलेल्यांच्या देखत’ व ‘मोठ्या आवाजात’ ही दोन्ही पदे चित्रगृहाच्या दारातच पूर्ण झाली. दादा स्वतः नायगावच्या गिरणी वस्तीत जन्मले व वाढले. त्यांचा प्रेक्षक प्राधान्याने गिरणगावातला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो संपला असे कोणी जाहीर केले नाही, आणि गिरण्यांतील जुने माग भंगाराच्या भावाने भिवंडीत आले. ज्या मागांवरून उठून लोक दादांची नाडी पाहायला जात, ते माग आज आमच्या शास्त्राचे मापदंड आहेत.

परंतु येथेच रज्जुवादास भिवंडीत ग्रहण लागते. मागाच्या पट्ट्याजवळ लोंबते वस्त्र घेऊन कोणी उभे राहिल्यास पट्टा ते ओढतो, आणि वस्त्रापाठोपाठ मनुष्य जातो. म्हणून येथला कारागीर बनियन व आवळलेली लुंगी याखेरीज काही अंगावर ठेवत नाही. लोंबणारी नाडी ही भिवंडीत केवळ सुटीच्या दिवशीच शक्य आहे. रज्जुवादी पंथाच्या सभा यामुळे तुरळक भरतात.

गोदामस्थ नामक एक लहान वर्ग येथे ओझरता सांगतो. कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८ मध्ये तयार होऊन चित्रगृहांत २०१४ मध्ये आला. अनुराग कश्यप यांचा बँडविषयीचा ‘पांच’ तयार होऊन दोन दशके उलटली तरी चित्रगृहाच्या पडद्यावर आला नाही. न पाहता आल्यामुळे यांच्याविषयी सर्वाधिक मतभेद शक्य झाले.

आता पंकपटाचे उत्तम उदाहरण. ते न्यूयॉर्कात नाही, भिवंडीतही नाही. मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेस गेल्यावर लागणाऱ्या, यंत्रमागांच्याच मालेगावात आहे. तेथे नासिर शेख हे व्हिडिओ पार्लर चालवत. चित्रपट दाखवता दाखवता आपणही करावा, असे त्यांना वाटले. व्हीसीआरवर जोडकाम शिकून त्यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ उभा केला. नट माग चालवणारे, दरोडेखोरांना घोड्यांच्या जागी सायकली, कॅमेऱ्याच्या क्रेनच्या जागी बैलगाडी. आमच्या लक्षणातील एकही पद येथे उणे पडत नाही. शिकलेल्यांचा तेरावारी ‘शोले’ समोर असताना न शिकलेल्यांनी तो पुन्हा करणे, यास तोड नाही. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडने आपल्या काळच्या राणीला उद्देशून गाणे म्हटले, हे धाडस खरे. पण रमेश सिप्पींच्या गब्बरला सायकलवर बसवणे हे त्याहून कठीण आहे, कारण राणीचे संवाद कोणाला पाठ नव्हते.

पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला. त्याचा नायक शफीक शेख हा माग कारागीर होता. उडणारा तो वीर पायांत चपला घालून तंबाखूच्या व्यापाऱ्याशी लढतो. त्या निर्मितीचे चित्रण फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात केले. कृश देहावर सैल पडलेला सुपरमॅनचा पोशाख पाहून रज्जुवाद्यांनी समाधान व्यक्त करावे, इतके वस्त्र त्यात लोंबते. २०२४ मध्ये रीमा कागती यांनी याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ केला. तो चांगला आहे, आणि तेच त्याचे बाधक प्रमाण होय. शिवाय तो आठ वारांहून अधिक भरतो.

मालेगावने कर्ता दिला. भिवंडीच्या वाट्यास द्रष्टा आला. मागांच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या खोलीत चित्रपट पाहणाऱ्यास संवाद ऐकू येत नाहीत. त्याच्या दृष्टीने सर्व भाषांतील सर्व चित्रपट धोट्याच्या तालावर चाललेले असतात. भोजपुरी, तेलुगू, हिंदी असा भेद उरत नाही. प्रत्येक चित्रपट त्याला सारखाच बंडखोर व सारखाच निरर्थक दिसतो. पंकपट ही वस्तूची जात नसून जागेचा गुण आहे, असे मानणारा एक स्थलवादी उपपंथ यावर उभा राहू पाहतो. त्यास तूर्त मान्यता देता येत नाही, कारण मग आमचे निम्मे प्रकरण व्यर्थ जाईल.

एक गुंता सोडवणे उरले आहे. २००७ च्या जानेवारीत शहराचे वीजवितरण फ्रँचायझीकडे जाण्यापूर्वी भारनियमन पुष्कळ असे. वीज गेल्यास वारमान कसे काढावे? सामान्यतः अडचण येत नाही. वीज गेली की माग थांबतो, तसा चित्रपटही थांबतो, आणि प्रमाण अबाधित राहते. परंतु व्हिडिओवाल्याकडे जनरेटर असेल तर चित्रपट चालू राहतो आणि कापड मात्र उतरत नाही. अशा स्थितीत पाहिलेला चित्रपट, मग तो संतपट का असेना, वर्गीकरणात दिगंबर या सदराखाली घ्यावा. आणि त्याचे प्रमाणपत्र कोणत्या वयोगटासाठी असावे, हा प्रश्न सेन्सॉर बोर्डाकडे पाठवावा.