खडा पारशी आणि त्याचा लेक

"वहिनी, काल भायखळ्याच्या पुलावरून येताना खडा पारशी दिसला हो. त्याच्या लेकाची भानगड ठाऊक आहे का तुम्हाला?"

"पुतळ्याला कुठला आलाय लेक, काकू?"

"अहो, पुतळा शेट करसेटजी माणेकजींचा. उभा केला तो लेकानं, माणेकजी करसेटजीनं. आणि हा लेक होता फ्रीमेसन, त्या गुप्त मंडळातला!"

"अगंबाई! ते जादूघरवाले?"

"तेच. स्टर्लिंग सिनेमाजवळ आहे बघा त्यांचा हॉल. तर ह्या माणेकजीला लॉजात, म्हणजे त्यांच्या शाखेत, शिरायचं होतं. नुसतं नावाला 'बंधुत्व', पण मुंबईतल्या साहेबांच्या लॉजनं नाकारलं की हो! तिथं मतदान गोट्यांनी. पेटीत काळी गोटी पडली की उमेदवाराचा पत्ता कट. कुणी टाकली, ते विचारायचंच नाही."

"आमच्या सोसायटीत असं असतं तर सेक्रेटरी कधीचाच उडाला असता!"

"ऐका तर. गडी गेला विलायतेला. तिथंही डाळ शिजेना. मग पॅरिस गाठलं आणि १८४२ मध्ये तिथल्या लॉजनं त्याला आत घेतलं. झाला मेसन! मुंबईला परतला, तर इथलं दार पुन्हा बंद."

"काय बाई चिवट माणूस! मी असते तर नाद सोडला असता."

"इथं गोष्टीत आले डॉक्टर जेम्स बर्न्स. स्कॉटलंडचे, कंपनी सरकारचे डॉक्टर, पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजांचे प्रमुख. त्यांनी काय केलं? जुन्या लॉजशी हुज्जत घालत बसले नाहीत. डिसेंबर १८४३ मध्ये हिंदी लोकांसाठी नवीनच लॉज काढलं, 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया'. पारशी आले, मुसलमानही आले. पुढं माणेकजी तिथला मास्टरही झाला."

"साहेब भलता उदार म्हणायचा."

"उदार म्हणजे किती? त्याचे दोन भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, १८४१ मध्ये काबूलला जमावानं कापून काढले होते. जेमतेम दोन वर्षं झाली होती. दुसरा कुणी असता तर मुसलमानाची सावली घेतली नसती. आता वेगळं लॉज काढलं म्हणजे साहेबांचं जुनं दार बंदच राहिलं, हेही खरंच म्हणा. मला ते थोडं खटकतं."

"आणि हिंदू?"

"त्यांचं घोंगडं भिजत पडलं. एक देव मानतो अशी कबुली द्यावी लागते ना तिथं, आणि आपले तेहतीस कोटी! बराच काळ खल चालला."

"आणि ह्या माणेकजीचं घरचं काय?"

"ते तर अजून चवदार. मुलींना इंग्रजी शिकवलं, साहेब लोकांत मोकळेपणी नेलं. जातवाल्यांची तोंडं काय गप्प बसतात? हा बधला नाही. १८६३ मध्ये फोर्टात मुलींची इंग्रजी शाळाच उघडली, अलेक्झांड्रा. आजही आहे की!"

"मग लॉजातही नेलं असेल मुलींना?"

"छे हो! तिथं बाईमाणसाला मज्जाव. पोरींच्या शिक्षणासाठी जातीशी भांडला, पण लॉजच्या उंबऱ्याआड पोरींना घेणं त्याच्याही हातात नव्हतं."

"म्हणजे रात्री घरी आल्यावर बायकोनं विचारलं, 'कुठं होतात?' तर?"

"तर काय! आतलं बोलायचं नाही अशी शपथच घेतलेली."

"आमच्याकडे हे शपथ न घेताच गप्प असतात."