‘ते आपल्याकडचं नाही!’

असा एक भाचा हल्ली घरटी असतो. गळ्यात दुर्बीण, खिशात भिंग, नावापुढे एम.एस्सी. आणि खर्चाला वडिलांचं पेन्शन. आमच्या भाच्याने इकॉलॉजी केलं आहे. एकादशीला तो फराळाला आला की मी आधीच हात जोडतो.

“मामा, साबुदाणा आपल्याकडचा नाही. दक्षिण अमेरिकेतल्या कंदाचा असतो तो.”

“बरं.”

“बटाटाही तिकडचाच. शेंगदाणे, मिरची, सगळं तिकडचं.”

“आणि वरी रे?” बायकोने भीत भीत विचारलं.

“ती आपली. घ्या.”

म्हणजे पोर्तुगीज येण्याआधी आमच्या पूर्वजांचे उपास खरोखरच उपास होते! आईने सीताफळ पुढे केलं. यात तरी साक्षात सीता आहे, असा तिचा भाव.

“आजी, वेस्ट इंडिज.”

काजूकतलीला हा ब्राझील म्हणतो. गाडीतून नेलं तर घाटातलं गिरिपुष्प मेक्सिकोचं आणि कुंपणाची टणटणीही अमेरिकेची. एका लग्नात त्याने नवऱ्यामुलाच्या हारातल्या झेंडूलाही मेक्सिकोला धाडलं. नवरा आपल्याकडचा आहे ना, एवढं वधूपित्याने तेवढ्यात विचारून घेतलं.

त्याच लग्नात त्याला कोणीतरी विचारलंच, “सध्या काय करतोस?”

“इकॉलॉजी.”

“वा! म्हणजे सर्पमित्र. नंबर देऊन ठेव.”

दाजींचं म्हणणं, सरकारी नोकरी बघ. त्याने बघितली. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला गणित, भौतिकशास्त्र किंवा संख्याशास्त्र हा विषय घेतलेला पदवीधर चालतो, इंजिनिअर तर कुठलाही चालतो. त्या यादीत इकॉलॉजीचं नाव नाही. जंगल सांभाळायला इकॉलॉजी शिकलेला माणूसच तेवढा आपल्याकडचा नाही! संशोधन प्रकल्पात जागा निघते, पण निधी संपला की तीही संपते. जाहिराती ‘अनुभव हवा’ म्हणतात आणि अनुभव देणारे म्हणतात, “जेवणखाण आमच्याकडे, मानधनाचं पुढे बघू.” दाजी चिडले की हा पक्षितज्ज्ञ सालिम अलींना पुढे करतो. 1930 साली ते जर्मनीहून शिकून परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच रद्द झालेली. मग किहीमला जाऊन सुगरणींची घरटी बघत बसले आणि त्यातूनच नाव झालं.

“त्यांचं तेव्हा लग्न झालेलं होतं,” दाजी म्हणाले.

शेवटी एका सल्लागार कंपनीत चिकटला. प्रकल्पांसाठी पर्यावरणीय आघाताचे अहवाल करायचे. पगार बरा, ताई खूश. पहिलंच काम कोकणातल्या एका सड्याचं, एप्रिलमध्ये. अशा अहवालांना बहुतेक वेळा एका हंगामाची पाहणी पुरते आणि तो हंगाम नियमाप्रमाणे पावसाळा सोडून धरायचा. आता एप्रिलमध्ये सड्यावर दिसणार काय? कातळ. सीतेची आसवं, गेंद, बेडूक, सगळा संसार पहिल्या पावसानंतर मांडला जातो आणि दिवाळीपर्यंत आवरलाही जातो. याने अहवालात लिहिलं, ‘पावसाळ्यात पुन्हा पाहावे.’ साहेबांनी ते खोडून ‘उल्लेखनीय काही आढळले नाही’ असं घातलं आणि सही मागितली.

याने राजीनामा दिला.

जुलैत माझी स्कूटर मागून नेली आणि पदरचं पेट्रोल घालून त्याच सड्यावर गेला. परतला तो गुडघ्यापर्यंत लाल चिखल आणि फोनमध्ये नुसती फुलं. नखाएवढी जांभळी फुलं मला एकेक करून दाखवत होता. मी एकदाही जांभई दिली नाही. स्कूटर मात्र धुऊन दिली नाही त्याने.

“हे सगळं आपल्याकडचं, मामा. यातलं काही तर आपल्याकडे सोडून कुठेच नाही.”

परवा त्याला जर्मनीतल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. पीएच.डी.साठी जागा आहे आणि पगारही देणार आहेत. विषय त्यांच्याकडचीच कुठलीशी कुरणं. ताईने पेढे वाटले. हा अजून हो म्हणत नाही, कारण सड्यावरचे बेडूक मोजायचे राहिलेत. उत्तर कळवायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. त्याआधी कोणाच्या ओळखीत पावसाळ्यात पाहणी करू देणारी आणि पगार वेळेवर देणारी नोकरी असेल, तर कृपया कळवावे. साप पकडण्यासाठी फोन करू नये.