उंदीर टाकून काढलेला फोटो

कोल्हापूरला शिकारीचं वेड नवं नाही. संस्थानाच्या काळात माळावर काळविटांमागे शिकवलेले चित्ते सोडत, आणि इथले चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून मागवले. पुढं १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आता बंदुका गेल्या, कॅमेरे आले. चांगलंच झालं. पण काही कॅमेरेवाले अजून शिकारच करतात, हे स्पष्ट बोलायला हवं.

हिवाळ्यात इथल्या मसाई पठारासारख्या उघड्या माळावर शिकारी पक्षी दिसतात. त्यातली खरुची शिकार करते तेव्हा बघावं. वाऱ्याकडे तोंड, शेपूट पसरलेली, पंख थरथरतायत आणि डोकं मात्र हवेत खिळा ठोकल्यासारखं स्थिर. खाली नाकतोडा किंवा उंदीर हलला की टप्प्याटप्प्यानं खाली येते आणि झडप घालते. भोवत्याची तऱ्हा वेगळी: तो गवताला जवळजवळ टेकून, इकडून तिकडं वळत माळ पिंजून काढतो. हा क्षण पकडायला माणूस वेडा होतो, मीही होतो.

म्हणून काय दुकानातून पांढरा उंदीर आणून गवतात सोडायचा? बसलेला भोवत्या उडावा म्हणून जीप थेट त्याच्या अंगावर घालायची? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली शिकारीची व्याख्या एकदा वाचा. जीव घेणं तर तिच्यात आहेच, पण आमिष दाखवणं आणि हाकून काढणंही आहे. एका जागी तरंगत राहायला खरुचीची भरपूर ताकद जाते. तुमच्या गाडीनं तिचं सावज पळालं, तर ती ताकद फुकट गेली आणि पोट रिकामंच राहिलं.

खरं तर उंदराची गरजच नाही. सकाळी ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी येतील अशी जागा धरा आणि खाली बसा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून तरंगतो, म्हणजे तो तुमच्याचकडे बघत असतो. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवा आणि थांबा. कधी दिवसभर काहीच मिळणार नाही.

स्पर्धांच्या परीक्षकांना माझं एकच मागणं आहे. झडपेचा फोटो समोर आला की बक्षीस देण्याआधी विचारा, हा उंदीर तिथं कसा आला? उत्तर देता आलं नाही, तर फोटो बाजूला ठेवा.