आत्याबाईंना धक्का बसतो

संध्याकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंत मराठी घरांत सर्वात जास्त पाहिली जाणारी वस्तू म्हणजे माणसाच्या नाकाचा शेंडा. त्याच्या वर दोन विस्फारलेले डोळे, खाली थरथरता ओठ आणि मागे काहीतरी धूसर, पिवळसर. ते पिवळसर म्हणजे घराण्याचा वाडा. तो आपण पहिल्या भागात एकदा पाहिला, आता शेवटच्या भागात दिसेल, तोही विकायला निघाला तर.

प्रसंग साधा असतो. सुनेच्या हातून साखरेचा डबा पडतो. डब्याचा क्लोजअप, सुनेचा क्लोजअप. सासूबाईंचा एकदा बेताचा, एकदा जवळून आणि एकदा इतका जवळून, की टिकलीमागचा डिंक दिसावा. मग मामंजी, मोठे दीर, धाकट्या जाऊबाई, आत्याबाई, आत्याबाईंचे चिरंजीव, आणि या घराशी ज्याचं नातं काय हे लेखकानेही अजून ठरवलेलं नाही असा एक झब्बेवाला. धरा बारा माणसं. प्रत्येकाला तीनदा, दर खेपेला चार सेकंद. झाले १४४ सेकंद. जाहिराती वजा करून भाग असतो साधारण २२ मिनिटांचा. असे पाच डबे पाडले की १२ मिनिटं खपली, आणि लेखकाला एक ओळही लिहावी लागली नाही. साखर मात्र कुणी भरत नाही. दुसऱ्या दिवशीच्या भागातही ती तशीच पडलेली असते. त्या वाड्यात मुंग्या नाहीत. असत्या तर त्यांचेही क्लोजअप घ्यावे लागले असते.

याला दिग्दर्शकाची दृष्टी वगैरे समजू नये. हा शुद्ध व्यवहार आहे. सगळं घर एका चौकटीत दाखवायचं तर अख्ख्या दिवाणखान्यात लाइट लावा, बारा जणांच्या तारखा जुळवा, कालची साडी आजही तीच आहे का ते तपासा. क्लोजअपला लागतो एक चेहरा आणि एक खुर्ची. सासूबाई सोमवारी येतात आणि सहायक दिग्दर्शकाने हवेत धरलेल्या मुठीकडे बघून सुनेचा यथेच्छ तिरस्कार करतात. ‘मॅडम, लुक इथे, जरा डावीकडे.’ सूनबाई बुधवारी येऊन त्याच मुठीकडे बघून रडतात. समोरचीचा खांदा दिसायलाच हवा असेल, तर डुप्लिकेट उभी करतात. महाराष्ट्र ज्यांच्या वैराने हळहळतो, त्या दोघी महिनाभर एकमेकींना भेटलेल्याही नसतात.

अर्थात चेहरा कुठेही चिकटवता येतो, हा शोध आपला नव्हे. १९०३च्या अमेरिकेतल्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’मध्ये एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो. ते दृश्य सिनेमाच्या सुरुवातीला लावा किंवा शेवटी, अशी मुभा खेळ लावणाऱ्यांना दिलेली होती. कथेशी त्याचा संबंध बेताचाच होता. आपण त्यात भर घातली ती एवढीच, की सुरुवातीला लावा, शेवटी लावा, आणि प्रत्येक ब्रेकच्या आधी लावून ब्रेकनंतर पुन्हा पहिल्यापासून लावा.

पुढे रशियात लेव्ह कुलेशॉव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या बशीला जोडला, एकदा शवपेटीला. प्रेक्षक म्हणे खूश झाले, याला भूक किती छान दाखवता येते आणि दुःख किती छान! हा प्रयोग आपल्याकडे रोज चालू आहे. आत्याबाईंचा तोच चेहरा पुरणपोळीला जोडा, मृत्युपत्राला जोडा, डीएनए रिपोर्टला जोडा. धक्का एकच आणि बसतोही तेवढाच. कुलेशॉव्हकडे फक्त ढँण्‌ढँण्‌ वाजवणारा माणूस नव्हता.

क्लोजअपशी आमचं वाकडं नाही. कार्ल ड्रायरचा १९२८चा जोन ऑफ आर्कवरचा सिनेमा तर जवळजवळ सगळा चेहऱ्यांचाच आहे, आणि एकही चेहरा फुकट गेलेला नाही. त्याने जोन झालेल्या फाल्कोनेतीला मेकअप लावू दिला नाही. आपल्याकडे सून कोमात गेली तरी लिपस्टिक शुद्धीवर असते. सर्जिओ लिओनीने १९६६ साली कबरस्तानात तीन माणसं समोरासमोर उभी केली आणि कितीतरी वेळ नुसते डोळे दाखवले, हेही कबूल. पण लिओनीच्या माणसांच्या हाताशी पिस्तुलं होती आणि शेवटी एकाने गोळी झाडली. आमच्या स्वयंपाकघरात लाटणं हातात घेऊन तिघी सोमवारपासून उभ्या आहेत. शनिवारपर्यंत पोळीसुद्धा लाटून झालेली नाही.

न्यूज चॅनलांनी या कलेत वेगळीच प्रगती केली. तिथे एका पडद्यावर आठ चौकोन आणि आठ क्लोजअप. कुणाच्या नाकपुड्या, कुणाचा छताचा पंखा. पण ते निदान एकाच वेळी बोलतात, त्यामुळे वेळ वाचतो.

आमच्या ओळखीचे एक नट आहेत, मालिकेत आजोबा करतात. त्यांना नाटकाचा दौरा आला. प्रॉडक्शनवाल्याने हसून परवानगी दिली: जा काका, तुमचे वीस-पंचवीस क्लोज आहेत आपल्याकडे, राग, आनंद, काळजी, सगळं. काका नांदेडला गेले. इकडे वाड्यात घटस्फोट झाला, दरोडा पडला, मोठ्या मुलाने दुसरं लग्न केल्याचं उघड झालं, आणि आजोबा प्रत्येक वेळी वेळेवर हादरले. एका काळजीत त्यांनी स्वेटर घातला होता आणि पुढच्याच रागात नव्हता, पण कुणाचं पत्र आलं नाही.

नांदेडला प्रयोग रंगला. सव्वादोन तास काका बोलले, चालले, कोसळले. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला. पडदा पडल्यावर रंगपटात गर्दी झाली. एका गृहस्थांनी सहकुटुंब पुढे होऊन वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, ‘काका, नाटक ठीक आहे. पण काल दरोड्याच्या वेळी काय काम केलंत हो!’